हडळीचे सरळ पाय

"यातलं जास्त भयानक कोण?" असं तिने विचारलं होतं खेळण्यांच्या दुकानातल्या काकांना, पण उत्तर आलं शेजारी उभ्या असलेल्या भलत्याच माणसाकडून.

"कुणाला घाबरवायचंय, त्यावर आहे."

तिने वळून पाहिलं. उंच माणूस, शर्टाच्या खिशाला बारीकसा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला, आणि चेहरा इतका गंभीर की जणू तिने पोटदुखीवर औषधच विचारलं होतं. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"दादाच्या मित्रांना घाबरवायचंय," ती म्हणाली. "सगळी भुतं पचवून बसलेत ते."

टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि बोटाएवढ्या पुतळ्यांच्या लढाया लावायच्या, हा तिच्या दादाचा नाद. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट, दवाखान्यात ताई, आणि घरात तिशीला टेकली तरी बारकीच. पण दादाचा हात प्लास्टरमध्ये होता आणि येत्या रविवारी खेळातली शेवटची लढत होती. "बारके, एक जबरदस्त भूत आण, आणि जोडूनच आण," असा हुकूम सोडून तो सोफ्यावर आडवा झाला होता.

"मग हा वेताळ नको," तो माणूस म्हणाला. "नुसता थोराड आहे. याला बघितलं की सगळे लगेच तलवारी उपसतात. ही बघा." त्याने वरच्या फळीवरून एक खोका काढला. "हडळ. हातात कंदील, केस मोकळे, हसते पण छान. लोक हिच्याशी गप्पा मारायला जातात. मग खाली लक्ष जातं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसते."

"फारच कौतुकाने सांगताय. ओळखीची आहे का?"

"बऱ्याच दिवसांची," तो म्हणाला, आणि खोका तिच्या हातात देताना त्याने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

गल्ल्यापाशी काकांनी खोका बघून भुवया उंचावल्या. "तुम्हाला दिली होय त्याने? शेवटची होती. येईल तेव्हा हातात घेऊन बघायचा. पदराला रंग कोणता द्यायचा तेसुद्धा ठरलं होतं."

ती तशीच मागे फिरली. "अहो... ही तुमची होती. सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत भयानक कोण. मी खरं ते सांगितलं."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? तिने थोडा विचार केला. "मला जोडता येत नाही. तुम्ही शिकवा. रविवारी लढत झाली की ही तुमची."

तो हो म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला, हे दोघांच्याही लक्षात आलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी एक लांब टेबल होतं. तिथे त्यांच्या संध्याकाळी जाऊ लागल्या. हडळ म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले सुटे तुकडे होते. ते पक्कडीने सोडवायचे, कानशीने कडा घासायच्या, आधी डिंक न लावता बसवून बघायचं. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, त्यामुळे त्याच्या बोटांना कसली घाई नव्हती.

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम माझं," तो एकदा म्हणाला.

"मग इथेही तेच का चाललंय?"

"इथे... कामासाठी नाही."

तिने मान खाली घातली आणि हडळीची कोपरं घासून घासून पार झिजवली.

एका संध्याकाळी त्याला चष्म्याच्या दुकानातून निघायला उशीर झाला. रिकामं बसवेना, म्हणून पायांचं काम तिने एकटीनेच उरकलं. घोट्याला गोल खुंटी, त्यावर पाऊल बसवायचं. सोबतचा कागद तिने उघडलाच नाही. पाय कसे असतात हे तिला आता कागद शिकवणार होता का? तो आला तेव्हा तिने हडळ मोठ्या ऐटीत पुढे केली. त्याने बघितलं, अजून जवळ नेऊन बघितलं, आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"काय झालं?"

"अहो... हडळ आहे ती. पावलं उलटी असतात तिची."

तिने बघितलं. टाचा मागे, बोटं पुढे, दोन्ही पावलांत बेताचं अंतर. दिवसभर लोकांचे पाय वळणावर आणणाऱ्या हातांनी हडळीलाही सोडलं नव्हतं. मग तीही हसत सुटली, इतकी की काका आत डोकावून गेले.

"आता हिला कोण घाबरणार?" ती म्हणाली. "ही तर सकाळी फिरायला निघालेली कुणाची तरी मावशी वाटते."

"थंडीत हा डिंक ठिसूळ होतो. फ्रीजरमध्ये ठेवली की पावलं निघतील." मग नजर टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मी घरी नेतो. फिरवून, रंगवून शनिवारी आणून देतो. तुम्हाला परत परत खेप नको."

तिचं हसू मावळलं. आपण ज्या खेपांसाठी जीव टाकतोय, त्या याला आपल्यावरचं ओझं वाटतात? ती "बरं" म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

पुढचे दिवस तिचं कशात लक्ष लागेना. गुडघ्याच्या आजीबाईंनी "अगं ताई, पाय माझाच आहे" म्हणून आठवण करून दिली. रविवारी हडळ दादाच्या टेबलावर जाणार, तिथून त्याच्या घरी, आणि मग त्या मागच्या खोलीत जायला तिच्याकडे काहीच निमित्त उरणार नव्हतं. ती त्याच्या प्रेमात पडली होती, चांगली धडपडून पडली होती. आणि तो माणूस खेपा मोजत होता.

शनिवारी ती गेली तेव्हा तो टेबलाशी बसला होता. समोर हडळ. पदर गर्द निळा, ओठ लाल, कंदिलात पिवळा ठिपका. आणि पावलं... तशीच सरळ.

"निघाली नाहीत?"

"घरून येईपर्यंत फ्रीजरमध्येच ठेवली होती. मटारांच्या शेजारी." तो कानशीशी चाळा करत राहिला. "आईने विचारलं, हे काय आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, जिच्यापायी घरात हडळ आणलीस, ती निदान एकदा दाखव तरी."

तिचे कान गरम झाले. "पण पावलं?"

"दोनदा काढायला घेतली. जमलं नाही." मग त्याने वर बघितलं. "काढता येत होती हो. पण ती फिरवली की काम संपलं. खेप नको असं मी तोंडाने म्हणालो खरा... वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही बरं म्हणालात."

"तुम्ही नको म्हणालात, म्हणून मी बरं म्हणाले."

मग तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी शेजारी बसली.

"पावलं आत्ता फिरवू," ती म्हणाली. "काम आजच संपवू. उद्या दादाकडे लढत बघायला या, हडळ घरी घेऊन जा. आणि परवा मला भेटा. काही कारण नसताना."

"कारण नाही कसं?" त्याने कानशी खाली ठेवली. "तुम्ही मला आवडता. फार आवडता. एवढं कारण पुरेल ना?"

"पुरेल," ती म्हणाली. "पण मग हे अहो-जाहो बंद कर."

पावलं कट्कन निघाली. तिने ती स्वतःच्या हाताने उलटी बसवली आणि डिंक धरेपर्यंत दाबून ठेवली. त्या कामाला खरं तर एकच हात पुरला असता. त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि डिंक कधीच वाळला तरी दोघांनी हात उचलले नाहीत.