शनिवार सोडून कधीही

सुलक्षणा बसमध्ये झोपली आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

झोपली म्हणजे अगदी घोडे विकून झोपली. छत्तीस तासांची ड्यूटी, मांडीवर चिवड्याचा डबा, हातात मराठी मंडळाच्या सुप्रभावहिनींच्या पत्त्याची चिठ्ठी आणि मान खिडकीला टेकलेली. बर्मिंगहॅमची अकरा नंबरची बस अख्ख्या शहराला प्रदक्षिणा घालते. हॉस्पिटलपासून वहिनींचं किंग्ज हीथ वीस मिनिटांवर. ते आलं... आणि गेलं. मग एर्डिंग्टन गेलं, हँड्सवर्थ गेलं. तिनं डोळे उघडले तेव्हा काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते आणि शेजारच्या बाकावरचा एक उंच तरुण चक्क मराठीत म्हणत होता, "उतरा आता. किंग्ज हीथ आलं. दुसऱ्यांदा."

"दुसऱ्यांदा?"

"पहिल्यांदा आलं तेव्हा हाक मारली होती. तुम्ही म्हणालात, 'सिस्टर, फक्त पाच मिनिटं.' मग म्हटलं... घेऊ दे पाच मिनिटं."

"आणि तुम्ही?"

"मीही वहिनींकडेच निघालोय. चिठ्ठी वाचली. एकटीला सोडून कसा उतरणार?" तो हसला. "सात वर्षं इथे राहून शहर बघायचं राहिलं होतं. आज झालं."

शिमोन रोहेकर त्याचं नाव. एका गॅरेजमध्ये इंजिनिअर, आई स्लाऊला. दोघं दोन तास उशिरा पोचली, तोवर वहिनींकडे सगळं ठरून गेलं होतं. ऑगस्टच्या शेवटी सहा कुटुंबं, अकरा मुलं आणि नागपूरहून आलेल्या एक आजी अशी सगळी वरात डीनच्या जंगलात तंबू ठोकून राहणार होती. आणि उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात लोढणं, हा आपल्या मंडळांचा जुना नियम. "शिमोन, लँड रोव्हर तुझी, नकाशा तुझा," वहिनींनी फर्मावलं, "आणि सुलक्षणा, यादी तुझी. डॉक्टर आहेस, तुला सवय आहे."

सुलक्षणाला खरं तर आता एकाच गोष्टीची सवय होती, ती म्हणजे दमण्याची. दीड वर्ष झालं होतं तिला इंग्लंडात येऊन, आणि त्यातलं तिला आठवत होतं ते वॉर्डातल्या फरशीवरचं लिनोलियम. कोटाच्या खिशात वडिलांचं निळं पत्र महिनाभर तसंच पडून होतं. 'यशोधनच्या घरचे दिवाळीतली तारीख म्हणतात. ऑगस्टअखेर तुझं उत्तर आलं नाही, तर होकार समजून पुढे जातो.' यशोधनला तिनं एकदाच पाहिलं होतं. बरा होता. नाही म्हणायला कारण लागतं आणि कारण शोधायलाही अंगात त्राण लागतं. ते कुठे होतं?

दर गुरुवारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये अर्धा तास त्यांची मीटिंग होऊ लागली. शिमोन नकाशा पसरायचा, ती यादी. आजींना जमिनीवर बसता येत नाही, म्हणजे खुर्ची. तिघा मुलांना गाडी लागते, म्हणजे गोळ्या आणि बादली. कुकर घ्यायचा, दशम्या वहिनींच्या.

"जंगलाची वाट गोल आहे," तो पेन्सिल फिरवत म्हणायचा. "वाटेत पाच फाटकं. मेंढ्या असतात, म्हणून दरवेळी उतरून उघडायचं, गाडी पुढे गेली की परत लावायचं. हे काम पुढच्या सीटवरच्याचं."

"लिहिते. फाटकं... कोण?"

"पुढच्या सीटवर कोण बसणार त्यावर आहे," तो नकाशाकडे बघत म्हणाला. तिनं 'सुलक्षणा' लिहिलं आणि कागद झटकन उलटा केला. कान मात्र तापले होते.

पहिल्याच गुरुवारी त्यानं आपल्या लोकांची गोष्ट सांगितली होती. "आम्ही कोकणातले ज्यू, पिढीजात तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवारतेली म्हणायचं. मी अजून तसाच. शनिवारी गाडीला हात लावत नाही." ती "हो ना," म्हणाली होती, हसलीही होती. आणि तिच्या एका वीकएंडची सुट्टी मंजूर होताच तिनं यादीच्या माथ्यावर ठळक लिहिलं, 'प्रयाण : शनिवार, सकाळी सात.' वहिनींनी मान डोलावली, सगळ्यांनीच डोलावली. रोहेकर म्हणजे आपल्यातलाच की! कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

ऑगस्ट निम्मा संपला होता. त्या गुरुवारी त्यानं घडी घातलेला नकाशा तिच्यापुढे सरकवला. प्रत्येक वळणावर बारीक अक्षरात सूचना होत्या. इथे चिखल, इथे गिअर खाली, इथे मुलांना उतरवा.

"हा शशिधररावांना दे."

"वहिनींच्या मिस्टरांना? ते स्वतःची मॉरिस गॅरेजमध्ये घालताना दोनदा खांबाला घासतात!"

"तीन रविवार शिकवलंय त्यांना. येतील नीट."

"आणि तू?"

"शनिवार आहे ना..."

ती बघतच राहिली. मग आठवलं. तेली... घाणा... तिचं हसणं... आणि ओशाळून तिला घाम फुटला.

"बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तुझे डोळे उघडे होते, म्हणून वाटलं ऐकतेयस."

"आणि नंतर?"

"नंतर काय? वर्षात तुला मिळालेली ही एकच सुट्टी. मी तोंड उघडलं असतं, तर तू तीही बदलायला धावली असतीस. तू जा, सुलक्षणा. झाडाखाली पडून राहा दोन दिवस. तुला गरज आहे."

"मग मी कुणासाठी चाललेय तिथे?"

शब्द निघून गेले होते. चहाची किटली धरलेली कँटीनवाली बाईसुद्धा वळून बघायला लागली, तिला मराठीचं ओ की ठो कळत नसताना. शिमोन काही बोलणार, तेवढ्यात सुलक्षणाच्या खिशातला वॉर्डात बोलावणारा ब्लीप वाजला आणि ती उठून पळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या ब्लीपचे उपकार वाटले.

संध्याकाळी तिनं वहिनींना फोन केला. "वहिनी, रविवार-सोमवार जायचं. सोमवारी बँक हॉलिडेच आहे."

"अगं, पण सोमवारी तुझी ड्यूटी ना?"

"करते काहीतरी."

काहीतरी म्हणजे काय, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सोमवारच्या बदल्यात तिनं शुक्रवार सकाळपासून रविवार सकाळपर्यंत सलग ड्यूटी घेतली. शुक्रवारी दुपारी चहाच्या सुट्टीत, उभ्याउभ्याच, तिनं वडिलांना उत्तराची तारही लिहून पाठवली. दोनच ओळी झाल्या. कारण शोधायला काही त्राण लागलं नाही.

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी लँड रोव्हर उभी होती, मागे पाच मुलं कलकलत होती. शिमोननं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काय करून घेतलंस हे?"

"काही नाही. फाटकं मी उघडणार आहे," ती पुढच्या सीटवर चढत म्हणाली. "यादीत लिहिलंय."

ग्लॉस्टर येण्याआधीच तिची मान कलली.

जागी झाली तेव्हा अंगावर त्याचं जॅकेट होतं. ओकच्या पानांतून उन्हाचे कवडसे काचेवर हलत होते, आणि हवेला ओल्या नेच्याचा वास होता. मागची सीट रिकामी. शिमोन गाडीमागचं फाटक लावून येत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला.

"मुलं कुठेत?"

"तंबूपाशी. आजी खुर्चीत बसून सगळ्यांना कामाला लावतायत."

"म्हणजे... जंगल बघून झालं?"

"त्यांचं झालं. तुझं राहिलं होतं, म्हणून परत निघालो. हे तिसरं."

"तिसरं फाटक?"

"दुसऱ्या फेरीतलं."

तिनं मनात हिशेब केला. पाच आणि तीन आठ. आणि एकट्यानं म्हणजे दर फाटकाला दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं. तिचे डोळे भरून आले. दमलं की असं होतंच, पण हे काही दमण्याचं नव्हतं.

"उठवलं का नाहीस?"

"हाक मारली होती. म्हणालीस, 'पाच मिनिटं.'"

ती हसली. मग त्याच्या चिखलाच्या हाताकडे बघत हळूच म्हणाली, "बाबांना मी कळवलंय. मी येत नाही म्हणून. इथे... कुणीतरी आहे म्हणून."

त्यानं गाडीत चढून हात स्टिअरिंगवर ठेवले.

"आईनं माझ्या लग्नासाठी मलिद्याचा नवस बोललाय," तो म्हणाला. "गोड पोहे, खोबरं, खजूर. पण तुझं नाव ऐकून चार दिवस जेवणार नाही ती. मी लपवत नाही तुझ्यापासून."

"बाबाही नाही जेवणार."

"मग?"

"मग दोघांची गाठ घालून देऊ. उपाशी माणसांचं चटकन जमतं."

तो मोठ्यानं हसला. किती दिवसांनी हसत होता कोण जाणे. "सुलक्षणा... लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ती म्हणाली. "शनिवार सोडून कधीही."

त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि चिखल दोघांच्याही हाताला लागला. मग त्यानं गाडी सुरू केली.

"पुढची दोन फाटकं माझी हं," तिनं बजावलं. "आता मी टक्क जागी आहे."

चौथं फाटक आलं तेव्हा ती त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती. शिमोननं तिचं डोकं अलगद सीटला टेकवलं आणि तो फाटक उघडायला उतरला.