आधीच पडणारा माणूस

सिन्नर सोडलं आणि रस्त्यात म्हैस आडवी आली. पुण्याच्या एसटीनं करकचून ब्रेक मारला. उभे असलेले सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळले. एक सडपातळ तरुण मात्र मधल्या वाटेत खांद्यावरून गोल फिरला आणि थेट कंडक्टरच्या पायाशी जाऊन उभा राहिला. सर्कशीत का जात नाहीस, असं कंडक्टरनं विचारल्यावर सगळी गाडी हसली. उज्वला हसली नाही. पडताना त्यानं हनुवटी छातीला टेकवली होती, ते तिनं नेमकं पाहिलं होतं. असं पडणं कुणी शिकवल्याशिवाय येत नाही.

"आयकिडो?" तिनं विचारलं.

तो कपडे झटकता झटकता थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीपण पडायलाच चाललेय पुण्याला."

तो सोमनाथ. सिन्नरच्या कारखान्यात मशीनवर होता. पूर्वी पुण्यात नोकरीला असताना आयकिडो शिकला आणि शिफ्टच्या धबडग्यात ब्लॅक बेल्टच्या एक पायरी अलीकडे, ब्राउन बेल्टवरच अडकला. उज्वला निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. नाशिकला मावशीकडे राहून शाळेत पी.टी. शिकवायची आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या हॉलमध्ये मुलींचा आयकिडो क्लब चालवायची. तीही ब्राउन बेल्टच. ही जपानी विद्या तशी गंमतशीर. समोरचा ज्या जोरानं अंगावर येतो, त्याच जोरावर त्याला फिरवून खाली पाडायचं. म्हणजे टाकणारा कितीही हुशार असला, तरी येणारा खरा यायला हवा, नाहीतर सगळं नाटकच.

पुढे सोमनाथ पहिली शिफ्ट संपवून नाशिकला येऊ लागला आणि तिच्याबरोबर शिकवू लागला. महिन्यातून एका रविवारी दोघं पुण्याला जायची, तिचा क्लब ज्यांच्या हाताखाली चालायचा त्या देवराम सरांकडे शिकायला. ती नाशिकहून बसायची, शेजारच्या सीटवर रुमाल टाकायची आणि सिन्नर येईपर्यंत "इथं माणूस आहे हो" म्हणत भांडायची. संगमनेरला चहा, तिच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी... नारायणगाव येईपर्यंत कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोण आधी म्हणालं, ते दोघांनाही आठवत नाही. निदान आठवत नाही असं दोघंही सांगतात.

मग श्रावणात तो प्रसंग घडला. सराव करताना सोमनाथ वरून हात आणत आला, उज्वलाला बाजूला व्हायला क्षणभर उशीर झाला आणि तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, ती विसरलीही. तो काही विसरला नाही. त्यानंतर तिनं नुसता हात धरला, की हा पडायचा. मुली टाळ्या वाजवायच्या. उज्वलालाही आधी वाटलं, आपल्या हाताला धार आली. मग कळलं, की हा टाकण्याआधीच पडतो.

हे तिनं त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणीतरी आपल्याला इतकं जपतंय, हे तिला आवडत होतं, खरं तर फारच आवडत होतं.

पण दिवाळी तोंडावर आली आणि देवराम सरांनी निरोप धाडला, की नाशिकला महिनाभरात ब्लॅक बेल्ट मिळवलेलं माणूस तयार झालं नाही, तर क्लब बंद करावा लागेल. उज्वलाची झोप उडाली. तशी काळजी तिला वारशानंच मिळालेली, कारण द्राक्षवाल्याच्या घरात नुसता ढग आला तरी घास घशाखाली उतरत नाही. तिनं ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला नाव दिलं, पण परीक्षेला जोडीदार आपल्याच क्लबचा लागतो. म्हणजे सोमनाथच. परीक्षेच्या दिवशी अख्ख्या प्रवासात ती खिडकीबाहेर पाहत बसली. सांगावं का? आत्ता? दुखावला तर?... चाकण गेलं, पुणं आलं, शब्द काही आला नाही.

आणि व्हायचं तेच झालं. तिनं मनगट धरलं, तो पडला. पुन्हा धरलं, पुन्हा पडला. सरांनी हात वर केला.

"याला तुम्ही टाकत नाही आहात, हा स्वतःच पडतोय. पाणी पिऊन या. परत असं दिसलं, तर पुढच्या वर्षी भेटू."

व्हरांड्यात आल्यावर ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली. "सोमनाथ, तू माझा क्लब बुडवणार."

तो मान खाली घालून उभा होता. "तुझं हाड मोडलं ना, तो आवाज मशीनवर उभा असलो तरी ऐकू येतो मला. लय भ्या वाटतं. नाय येत मला तुझ्या अंगावर जोरानं."

"मला माहीत होतं," उज्वला म्हणाली. "कधीपासून. बोलले नाही, कारण... आवडायचं मला. पण तू असा आलास तर मला काही करताच येत नाही. मी नुसती उभी राहते, बुजगावण्यासारखी."

"अन् लागलं तर?"

"लागलं तर हात गळ्यात बांधून बसेन. तू भाकरी कुस्करून दे. पण मुलींना मी काय सांगू, की सोमनाथ सर फार चांगले होते म्हणून क्लब बंद पडला?"

त्यानं बेल्टची गाठ घट्ट केली. आत जाताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सरांनी खूण केली आणि सोमनाथ आला. खरा आला. तो हात डोक्यावर येताना पाहून तिला श्रावणातली कळ आठवली, पण तेवढ्यात पाय आपोआप वळले, त्याचा जोर तिच्या हातात आला आणि तो हवेतून जाऊन धाडकन मॅटवर आदळला. उठला, पुन्हा आला. पुन्हा गेला. शेवटी सरांनी "पुरे" म्हटलं आणि ब्लॅक बेल्ट तिच्या हातात ठेवला. उज्वलाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

सर खुशीत होते. सोमनाथला म्हणाले, तुमची परीक्षा डिसेंबरात आहे, आलाच आहात तर आता तुम्ही टाकून दाखवा, बाई येतील अंगावर.

उज्वला पुढे झाली. सोमनाथनं हलकेच तिचं मनगट धरलं, वर पाहिलं... आणि त्यानं काही करायच्या आधीच ती मॅटवर होती.

सरांनी चष्मा काढला. "आता तुम्हाला काय झालं?"

तिचे कान तापले. खोटं बोलायला काही सुचेना. "सर," ती म्हणाली, "त्याला जे झालंय, तेच."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "परीक्षेला तुम्ही दोघं पुन्हा एकमेकांसमोर यायचं नाही," ते म्हणाले. "बाकी आयुष्यात काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

सोमनाथ लालबुंद झाला होता. तशातच त्यानं, सगळ्यांच्या देखत, सिन्नरहून निफाडला सकाळची गाडी किती वाजता असते ते विचारलं. उज्वला अजून मॅटवरच बसली होती. तिनं वेळ सांगितली, आणि वडील दुपारपर्यंत बागेतच असतात, तेव्हा जेवायच्या वेळेला आलास तर बरं, असंही सांगितलं.