हलवलेलं कपाट

हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही आधी हसलेच होते. पण हे खरंच घडलंय, माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत, आणि तिनं ते मला समोर बसून सांगितलंय.

वार गुरुवार. दुपारचे साडेतीन. ना मध्यरात्र, ना वादळ, ना वटवाघळं. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी तिला ताई म्हणते. ती शाळेत गणित शिकवते. भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की 'पुरावा दे' म्हणून त्याची बोलती बंद करणारी बाई. तिच्या तोंडून हे ऐकलं, म्हणूनच माझी झोप उडाली.

मावशी, म्हणजे ताईची आई, शेवटची अकरा वर्षं पूर्ण आंधळी होती. पण स्वतःच्या घरात ती डोळस माणसापेक्षा भराभर फिरायची.

कारण त्या घरात काहीच हलत नसे.

पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत सात पावलं. तिथून उजवा हात भिंतीला लावून बाहेरच्या खोलीपर्यंत बारा. पाहुण्यानं खुर्ची ओढली, तर उठताना जागच्या जागी लावायची. दार एकतर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. मी एकदा अर्धवट उघडं ठेवलं होतं, तेव्हा मावशीच्या कपाळाला खोक पडली. ताईनं मला असं झापलं होतं की आजही आठवतं.

मावशी गेली ती दवाखान्यात. घरी परत आलीच नाही.

घर ताईच्या वाट्याला आलं आणि ते विकणं भाग होतं. तिच्या नवऱ्याची बदली झालेली. तो आणि मुलगी दुसऱ्या गावी, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे घर गेल्याशिवाय तिकडे दुसरं घेता येईना, आणि हे वाऱ्यावर सोडून ताईला निघता येईना. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आईविना चाललं होतं. रोज फोनवर ती एकच विचारायची, गिऱ्हाईक मिळालं का.

मिळत नव्हतं. दिवसच असे होते की लोक घर घ्यायला नाही, नुसतं बघायला यायचे. नळ सोडून बघायचे, भिंतीवर टिचक्या मारायचे, भाव अजून उतरतील म्हणून आपापसात कुजबुजायचे. मग 'घरी विचारून कळवतो'. नऊ महिन्यांत एकानंही कळवलं नाही.

शेवटी दलालानंच ताईची कानउघाडणी केली. सगळं सामान भिंतींना चिकटलेलं, मध्ये मैदान, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत ताणलेली दोरी. आत आल्या आल्या माणसाला वाटतं की इथं कुणीतरी आजारी होतं. सामान फिरवा, दोरी काढा, मोठा आरसा लावा, रंग द्या. हल्ली लोक आधीच बिचकलेले असतात, त्यांना आणखी कारण कशाला द्यायचं, असं त्याचं म्हणणं.

ताईला पटलं. दोन हमाल बोलावून तिनं एका दिवसात घर फिरवलं. पलंग खिडकीखाली गेला. लोखंडी कपाट मधल्या वाटेत, भिंतीला लावून उभं राहिलं. दोरीच्या खुंट्या उपटल्या, भोकं पुट्टीनं बुजवली. घर खरोखर ऐसपैस दिसायला लागलं. दलाल खूश.

शेवटचं भोक बुजवताना ताईला उगाचच वाटलं, आपण कुणाला तरी न विचारता हे करतोय.

तिनं तो विचार झटकला. विचारणार तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. मुरलेला माणूस, बोलायला फटकळ. भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला त्यानं ऑइल पेंट दिला, तो सकाळपर्यंत वाळायचा होता. सकाळी येऊन बघतो तर...

"बाई, ओल्या रंगाला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

ताईनं लावलाच नव्हता. ती बघायला गेली.

कमरेच्या उंचीवर, रंगातून, चार बोटांचा पट्टा ओढलेला. खोलीच्या दारापासून सुरू झालेला. सरळ. मध्ये कुठंही हात उचललेला नाही.

आणि कपाटापाशी... थांबलेला.

मांजर आलं असेल, ताई म्हणाली. रंगाऱ्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग पट्ट्यावर रंगाचा आणखी एक हात मारला.

दुसऱ्या सकाळी पट्टा पुन्हा होता. या वेळी कपाटाच्या बाजूवरही रंगाचे ठिपके होते. बोटांच्या टोकांचे. कुणीतरी थोपटून बघितल्यासारखे.

त्यानंतर रंगारी आला नाही. अर्धा भरलेला डबा न्यायलाही आला नाही.

डाग ताईनं स्वतःच ब्रश फिरवून झाकले. दुसरा इलाज नव्हता. गुरुवारी दुपारी एक जोडपं घर पुन्हा बघायला येणार होतं. नऊ महिन्यांत दुसऱ्यांदा पाय ठेवणारं ते पहिलंच गिऱ्हाईक. ते हातचं गेलं तर मुलीची परीक्षाही आईविनाच होणार, हे ताईला दिसत होतं.

गुरुवार. साडेतीन. ताई बाहेरच्या खोलीत आरसा पुसत होती.

सर्र...

तिचा हात थांबला.

भिंतीवरून तळवा घसरत येतो, तो आवाज. अकरा वर्षं तिनं तो ऐकला होता. तेव्हा त्याची भीती वाटायचं कारण नव्हतं, कारण त्याच्यामागे आई असायची.

मग पावलं. ताईनं सवयीनं मोजली.

एक... दोन... तीन... चार... पाच...

धप्प.

लोखंडी पत्र्याचा आवाज होता. कपाटाचा.

मग काहीच नाही. घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येईना.

मग पुन्हा आतून, पहिल्यापासून.

सर्र... एक... दोन... तीन... चार... पाच...

धप्प.

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी धडक हळू होती. त्यानंतर पत्र्यावरून बोटं फिरू लागली. वर... खाली... कडेनं. हे काय आहे, इथं कधी आलं, हे चाचपणारी बोटं. आणि अगदी बारीक, कण्हल्याचा आवाज.

ताई म्हणते, भीती वाटलीच. पण त्याहून जास्त लाज वाटली. आंधळ्या आईच्या वाटेत आपण कपाट आणून ठेवलं. आणि अकरा वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं...

"आई, तिथं कपाट आहे. डावीकडून ये."

बोटं थांबली.



मग पावलं... डावीकडून आली.

आता ती मोजून येत नव्हती. आवाजाच्या रोखानं येत होती.

ताईला जागचं हलता येईना. समोर आरसा होता. आरशात खोली, खिडकी, खिडकीतलं ऊन, आणि ताई एकटी. मागे कुणीही नाही.

पावलं तिच्या अगदी जवळ येऊन थांबली.

आणि आरशात तिला दिसलं... तिच्या डाव्या कोपराजवळची बाही दाबली जात होती. चार खळ्या पडल्या. शेजारी शेजारी. बाहेर कुठं जायचं असलं की आई अशीच कोपर धरायची, आणि धरून ताई निघायची वाट बघत उभी राहायची.

ताई कशीबशी म्हणाली, "आई, घरीच आहेस तू."

पकड आणखी घट्ट झाली.

"मला घरी ने."

हे कानावर आलं की नुसतं आठवलं, ते ताईला आजही सांगता येत नाही. दवाखान्यात शेवटचे तीन दिवस मावशी एवढंच म्हणत होती. आणि ताई 'उद्या नेते' म्हणत राहिली होती.

तेवढ्यात बेल वाजली.

दलाल आणि ते जोडपं आत आलं. ताईनं दार कसं उघडलं, काय बोलली, तिला काही आठवत नाही. त्या बाई सगळ्या खोल्यांतून फिरल्या आणि म्हणाल्या की या घरात कसं शांत वाटतं. व्यवहार तिथंच ठरला.

त्याला आता सहा महिने झाले. ताईकडून हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. ताईच्या नावानं काही टपाल आलंय का, असं निमित्त काढून मी त्या घरी जाऊन आले. इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, दुपारी आवाज वगैरे येतात का. त्या बाई हसल्या. छे, एकदासुद्धा नाही, म्हणाल्या.

खरं सांगते, त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात ताई माझ्याकडे आली, तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं. दोन तास सांगत होती. डावा हात अंगापासून जरा लांब धरून बसली होती, मला वाटलं दुखत असेल. मी शहाणपणा दाखवत म्हटलं, आता सगळं मार्गी लागलं ना, मुलगी जवळ आहे, नवं घर झालं, विसर आता ते. ती चहा तसाच ठेवून उठली.

मी दारापर्यंत गेले. माझं दार चांगलं रुंद आहे. तरी ताई त्यातून तिरकी होऊन निघाली, बाजूला जागा ठेवून.

पायऱ्यांपाशी ती थांबली. मान जराशी डावीकडे वळवून, अगदी हळू आवाजात बोलली.

"दोन पायऱ्या आहेत. सावकाश."

एक पायरी उतरली आणि थांबली. मग दुसरी उतरली, आणि पुन्हा थांबली.

निरोप देताना मी सगळ्यांना 'ये परत' म्हणते. तिलाही म्हणायला तोंड उघडलं...

आणि तसंच मिटलं.