घनवादाच्या अलीकडे

त्या संग्रहालयात एकही चित्र अस्सल नव्हतं. जगभरच्या थोर चित्रांच्या हुबेहूब प्रती तिथे मूळ मापात लावल्या होत्या. अस्सल म्हणावी अशी एकच गोष्ट होती, पहारेकऱ्याची झोप.

अशा ठिकाणी ती गाइड होती. रोज दुपारी माणसांचा एक घोळका घेऊन ती प्रबोधनकाळातून निघे आणि तासाभरात सगळ्यांना विसाव्या शतकात नेऊन सोडे. निदान बेत तसा असे. कारण फ्रेंच चित्रकार मोनेच्या दालनाबाहेर डाव्या हाताला कॅन्टीनचं दार होतं आणि उजव्या हाताला घनवाद, म्हणजे पिकासोचं दालन. कॉफीच्या वासापुढे घनवादाचं काही चालत नसे.

त्या दुपारी मोनेच्या कमळांसमोर एका तरुणाने चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि समाधानाने मान हलवली.

"आता कसं... अगदी बरोबर."

"काय बरोबर?" तिने विचारलं.

"चष्मा विसरून आलेल्या माझ्या पेशंटांना मी असाच दिसतो. डोळ्यांचा डॉक्टर आहे मी. या गृहस्थांना मोतीबिंदू होता ना—"

"म्हातारपणी," ती थंडपणे म्हणाली. "असं ते तरुणपणापासून काढत होते. तेव्हा काय झालं होतं त्यांना?"

डॉक्टरने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग चष्मा घालून पुन्हा एकदा तिच्याकडे.

"उजेडाच्या प्रेमात पडले असतील," तो म्हणाला. "त्यावर आमच्याकडे थेंब नाहीत."

ती हसणार नव्हती. तरी हसलीच. तेवढ्यात डॉक्टरबरोबर आलेल्या त्याच्या मावशीला कॉफीचा वास आला, मावशी डावीकडे वळली, मावशीमागे घोळका आणि घोळक्यामागे तो. तिने एकटीने उजवीकडे जाऊन पिकासोला काल राहिलेली माहिती सांगितली.

दवाखान्याच्या सुट्टीला तो पुन्हा आला. मग प्रत्येक सुट्टीला. व्हॅन गॉगच्या गरगरत्या आकाशाखाली "यांना चक्कर येत असावी" म्हणायचा, तिच्याकडून बोलणी खायचा, कमळांपाशी चष्मा काढायचा... आणि कॅन्टीनच्या दाराशी आला की काढता पाय घ्यायचा.

"घनवादाने तुमचं काय घोडं मारलंय?" एकदा तिने विचारलं.

"काही नाही. पुढच्या वेळी नक्की."

पुढच्या वेळीही कॉफीच. तिला राग यायचा. त्याहून जास्त राग याचा यायचा, की सुट्टीच्या आदल्या दिवशी ती कोणता दुपट्टा घ्यायचा हे ठरवू लागली होती.

मग संचालकांनी तिला बोलावलं.

"शनिवारी विश्वस्त तुमच्याबरोबर फिरणार आहेत. निम्मी माणसं तरी शेवटच्या दालनात पोचली पाहिजेत. नाहीतर गाइड बंद. कानाला लावून माहिती ऐकायची यंत्रं आणतोय आम्ही."

"यंत्र माणसांना थांबवून धरेल?"

"नाही. पण माणसं निघून गेली तर यंत्राला वाईट वाटत नाही."

शनिवारी घोळका मोठा होता. विश्वस्त, संचालक, इतर पाहुणे आणि डॉक्टर, मावशीसकट. कमळांसमोर ती म्हणाली, "सगळ्यांनी चष्मे काढा. ज्यांना नाही त्यांनी डोळे बारीक करा." विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चष्मे काढले. "आता फूल शोधू नका. फक्त पाण्यावरचा उजेड बघा."

"अगं बाई, हलतंय की!" मावशी म्हणाली.

तिने डॉक्टरकडे चोरून पाहिलं. आपली चोरी पकडल्यासारखा तो लाल झाला.

पण पुढे ते दार आलंच. वास आला. विश्वस्तांची पावलं रेंगाळली. मावशी तर वळलीसुद्धा.

"मावशी," ती मागून म्हणाली, "तुमचा भाचा कसा दिसतो?"

मावशी थांबली. या विषयापुढे कॉफी काय चीज!

"समोरून साधाभोळा. बाजूने बघावं तर नुसतं नाक. मागून टक्कल पडायला लागलंय—"

"मावशी!"

"—आणि आतून भित्रा. मनातलं ओठावर येईल तर शपथ."

"हे सगळं एकाच चित्रात, एकाच वेळी काढायचं झालं तर?"

"मग माणूस कुठला उरायला?"

"चला, उरतो का ते बघू या."

ती उजवीकडे वळली. मागे वळून पाहायचा तिला धीर होईना... आणि मग पावलं ऐकू आली. सगळीच्या सगळी. पिकासोच्या तुकड्यातुकड्यांच्या चेहऱ्यासमोर मावशीने टाळी वाजवली. "हाच! नाक बघा, नाक!" विश्वस्त आळीपाळीने चित्राकडे आणि डॉक्टरकडे बघू लागले. घनवाद इतका कुणालाच कधी समजला नव्हता.

त्याच हसण्यात सगळे शेवटच्या दालनात शिरले. समोर रशियन चित्रकार मालेविचचा नुसता काळा चौकोन. संचालकांनी डोकी मोजली आणि कुणी न विचारताच म्हणाले, "यंत्रं नकोत म्हणून कळवून टाकतो." ती भिंतीला टेकली. जिंकली होती ती!

डॉक्टर मात्र उंबऱ्याबाहेरच उभा.

"आत या ना."

"आलो तर संपेल सगळं."

"काय?"

"हे शेवटचं दालन." त्याने चष्मा काढला आणि तो उगाच पुसू लागला. "इथवर पाहून झालं, तर परत यायला... काय कारण सांगणार होतो मी?"

म्हणजे इतके दिवस तिच्या नोकरीच्या मुळावर उठलं होतं ते प्रेम!

"चष्मा घाला," ती म्हणाली. "ही गोष्ट अंधुक नजरेने बोलायची नाही."

त्याने चष्मा घातला. उंबरा ओलांडला. काळ्या चौकोनासमोर, सगळ्या विश्वस्तांदेखत म्हणाला, "मी तुमच्यासाठी येतो. चित्रांचं मला काही कळत नाही."

"ते पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला. "उद्यापासून कारण नको. नुसता ये."

"चला, आता तरी कॉफी," मावशी म्हणाली. पण हलली नाही. कुणीच हललं नाही. संग्रहालय उघडल्यापासून पहिल्यांदाच पहारेकऱ्याला उठावं लागलं, शेवटच्या दालनातून माणसं बाहेर काढायला.