शांत तळवे

भावरंगासमोर खोटं बोलून उपयोग नसे. माणूस अस्वस्थ झाला की त्याच्या घामातली काही द्रव्यं बदलतात. या रंगातले सूक्ष्म कण ती ओळखत. शांत तळवा भिंतीवर हिरवा उमटे, बेचैन तळवा लाल. उमेद केंद्रात चोरीमारीत सापडलेली सहा मुलं दर शनिवारी मिळून एकच मोठं झाड तळव्यांनी रंगवत. एखाद्याचे तीन हिरवे हात उमटले की त्याला घर. तीन लाल, की सुधारगृह.

दामिनी वाघचौरेचे दोन लाल झाले होते.

"घाबरायचं नाही गं," समुपदेशक डॉ. सुनेत्रा खांबेटे म्हणाल्या. "हे बघ, मीच दाखवते."

त्यांचा तळवा टोमॅटोसारखा लालभडक उमटला.

"मॅडम, तुमच्यासाठीपण गाडी बोलवायची का?" कुणीतरी विचारलं. सगळे खिदळले.

"अरे, आज केंद्राची तपासणी आहे ना!" मॅडमनी घाईघाईने त्यावर एक फूल काढलं.

मग हर्षल टिळेकरने हात ठेवला. पोपटी हिरवा. त्याचा तिसरा.

"पाहा! किती बदललाय हा मुलगा!"

दामिनी त्याच्या कानाशी लागली. "कसं जमतं रे तुला?"

"जमायचं काय त्यात? शेजारच्या आजींच्या पाटल्या काढल्या, तेव्हाही मी असाच होतो. त्या रडत बसल्या, मी चहा प्यायलो."

"आणि मग?"

"मग खारी खाल्ली."

दामिनीला हसू आलं, आणि लगेच तिने चोरलेल्या मोपेडचा मालक आठवला. रस्त्यावरच्या प्रत्येकाला तो विचारत होता, "दादा, माझी गाडी पाहिलीत का?" तिने हर्षलला ते सांगितलं.

"त्याला माणूस समजू नकोस," हर्षल म्हणाला. "विजेचा खांब समज. खांबाचं कुणी वाईट वाटून घेतं का?"

दामिनीने डोळे मिटले. खांब. नुसता खांब. तळवा टेकवला. लाल आला नाही. आधी पिवळट, मग कोवळ्या पानासारखा हिरवा.

"शाब्बास!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "हर्षल, पुढच्या शनिवारपासून नव्या मुलांना तूच शिकवायचं."

शेजारी नीलोफर, गटातली सगळ्यात लहान, आपल्या तिसऱ्या लाल हाताकडे बघून हमसाहमशी रडू लागली. तिने दामिनीचा दंड घट्ट धरला.

दामिनीने तो हळूच सोडवून घेतला. रंग अजून ओला होता. नीलोफरचे अश्रू आपल्या हिरव्यावर पडू नयेत, एवढंच तिला वाटलं.