आमची दोन टिंबांची भाषा

लायब्ररीत जर्मन डिक्शनरी एकच होती, आणि ती माझ्या हातात होती.

"मॅडम, तुमचं झालं का?" मागून कुणीतरी विचारलं.

हा कुंदन. गोडादरा वस्तीतला, कापडाच्या कारखान्यात फिटर. तिथे जर्मनीहून नवे माग आले होते आणि त्यांचं पुस्तक त्याला वाचता येत नव्हतं. मी हौसेने जर्मन शिकणारी कॉलेजकन्या.

"मॅडम नको, मृणाल म्हणा," मी म्हणाले. घाई मलाच!

त्र्याण्णवच्या त्या हिवाळ्यात आम्ही दर शनिवारी भेटलो. मागाचं पुस्तक महिन्यात संपलं. पुढे भेटायला काहीतरी कारण हवं, म्हणून आम्ही चक्क नवी भाषाच काढली. शब्द तो सुचवायचा, स्पेलिंगचे नियम मी करायची, जर्मनच्या धर्तीवर. पूल म्हणजे 'शुमा'. त्यातला 'श' लिहायचा एस-सी-एच, आणि प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं.

"आणि ती जर्मन अक्षरांच्या डोक्यावरची दोन टिंबं कुठे द्यायची?" त्याने विचारलं.

"जिथे बोलताना ओठांचा चंबू होतो तिथे."

"करून दाखव ना…"

"चावट!" मी वही तोंडापुढे धरली. कान मात्र तापले होते.

मग अंकलेश्वरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. पोहे झाले आणि बाबांनी – अरे देवा! – माझी वही आणली.

"आमची मृणाल जर्मन लिहिते."

"मग गाणं राहू दे, हेच वाच," मुलाची आई म्हणाली. मी आमच्या भाषेतलं एक पान वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता अर्थ सांग की," बाबा कौतुकाने म्हणाले.

काहीतरी थाप मारली असती तर लग्न ठरलंच असतं. पण मी खरं तेच सांगितलं…

"कुंदन, तू शनिवारी आला नाहीस की मला जेवण जात नाही."

पाहुणे उठून गेले. आई रडली. बाबा बराच वेळ वही चाळत बसले.

"उद्या त्याला बोलाव," ते म्हणाले. "आणि म्हणावं, काय ते सरळ आपल्या भाषेत सांग."

कुंदन आला – इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. मी दाराआड. घाबरला की त्याच्या तोंडून घरची अहिराणीच निघायची.

"काका… मना जीव शे तिनावर. तुम्ही माले हाकली दिधं तरी तो तिनापाशीच ऱ्हाई."

मला रडूच फुटलं.

"मृणाल, बाहेर ये," बाबांनी हाक मारली. "आणि याच्या शेजारी बस."