हातातलं वजन

घर बघायला गेले तेव्हा मी आधी खिडक्यांचे गज पाहिले. माझी मूठ त्यांतून जात नव्हती, म्हणजे भिंगरीचं डोकंही जाणार नव्हतं. मग नळाचं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरलं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली की ही खोड जन्माची लागते.

भिंगरी माझी लेक. कशीही निजवली तरी गरागरा फिरून उलट्या दिशेला सापडायची, म्हणून ते नाव. नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ समुद्रात. माझी रजा संपत आली होती, आणि स्वतंत्र घर नि पाळणाघर दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. सासूबाईंनी तोडगा काढला होता. "पोरीला माझ्याकडे ठेव. सुट्टी मिळेल तशी येऊन भेटत जा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यांचं गाव लांब, आणि स्वतःच्या लेकीला 'भेटत जाणं' मला जमणारं नव्हतं. तिला जवळ ठेवायचं तर घर कुणाबरोबर तरी वाटून घ्यायचं, एवढा एकच मार्ग उरला.

अशी घरं आणि सोबतिणी जुळवून देणारं एक अॅप आहे. लवकर झोपता की उशिरा, भांडी लगेच घासता की साठवता, असे प्रश्न त्यात विचारतात. मी सगळी खरी उत्तरं दिली आणि शेवटी 'सोबत तान्हं बाळ आहे' असं लिहिलं. त्यावर बहुतेकजणी गप्प झाल्या. दोघी झाल्या नाहीत.

एक इस्पितळात परिचारिका, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. दुसरी माझ्याहून लहान, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी. तिला आम्ही चष्मेवाली म्हणायचो, जरी तिचे स्वतःचे डोळे ठणठणीत होते.

"रात्रीची रडारड फार असते का?" सिस्टरनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"दात येताना होईल थोडी, पण तशी ती..."

"बाळाचं नाही गं, तुझं विचारतेय. नवरा लांब, पहिलं मूल. आपल्या भिंतीला भिंत आहे."

चष्मेवाली हसत सुटली. "मनावर घेऊ नका. मला विचारलं होतं, घोरतेस का आणि खोटं बोलतेस का."

"घोरत नाही म्हणाली," सिस्टर म्हणाल्या. "दोन्हींची उत्तरं एकदमच मिळाली."

मी तिथेच ठरवलं, इथे राहायचं.

घर म्हणजे एक लांबलचक बोळ. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार, आणि मध्ये ओळीनं चार खोल्या. दारालगतची चौथी रिकामी होती. तिच्यासाठी कुणी मिळाली की भाडं आणखी हलकं होईल, म्हणून तिची जाहिरात अॅपवर तशीच ठेवली होती.

सकाळी सगळ्यांत आधी मी निघायची, भिंगरीला चष्मेवालीकडे देऊन. सिस्टर रात्रपाळीहून आल्या की चष्मेवाली तिला त्यांच्याकडे देऊन दुकानात जायची. दुपारी सिस्टर आणि भिंगरी शेजारी शेजारी झोपायच्या, आणि संध्याकाळी मी हजर. या देवघेवीला सिस्टरनी वॉर्डातला नियम लावला होता. देणारीनं विचारायचं, "सोडू?" घेणारीनं म्हणायचं, "घेतलं." ते कानावर पडल्याशिवाय हात काढायचे नाहीत.

"बाळ असो नाहीतर उकळत्या दुधाचं पातेलं," त्या म्हणाल्या. "दोघींना वाटतं दुसरीनं धरलंय, आणि वस्तू खाली. अर्धे अपघात असेच होतात."

आधी आम्हाला हसू यायचं. मग ते इतकं अंगवळणी पडलं की प्रयोगशाळेत मी सहकाऱ्याला नमुन्याची बाटली देताना "सोडू?" असं विचारलं. तो बाटली घ्यायची सोडून माझ्याच तोंडाकडे बघत राहिला.

ते दिवस सुखाचे होते. मी घरी यायची तेव्हा भिंगरीच्या नाकावर बिनकाचांची चष्म्याची चौकट असायची आणि सिस्टर तिला औषधांची नावं गाण्यासारखी म्हणून दाखवत असायच्या. माझी काळजी काही संपली नाही, ती माझ्या हाडात आहे, पण ती आता तिघींत वाटली जायची.

एका संध्याकाळी भिंगरीची नखं कापलेली दिसली. वीसच्या वीस, गोल, टोकं घासून गुळगुळीत केलेली.

"सिस्टर, किती छान कापलीत हो."

"मी? मला वाटलं तूच कापून गेलीस."

चष्मेवालीनं हात वर केले. "माझ्याकडे बघू नका. मला माझी धड कापता येत नाहीत."

कुणीतरी कापून विसरली असणार, यावर आम्ही तिघींनी एकमेकींची थट्टा केली. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की भिंगरीला घेऊन बोळातून जाताना ती चौथ्या खोलीपाशी दोन्ही हात पुढे करते. आपल्याकडे कुणी हात केले की बाळं करतात, तसे. मी आत जाऊन पाहिलं. कोरी भिंत, बंद खिडकी, फरशीवर धूळ. पंख्याची सावली असेल, असं मी मनाशी म्हटलं. पंखा बंद होता.

मग तो दिवस आला. दुपारच्या सुट्टीत मी नेहमीप्रमाणे सिस्टरना फोन केला. मागे गलका ऐकू येत होता.

"अगं, मी अजून वॉर्डातच आहे. पुढच्या पाळीची मुलगी आलीच नाही. सकाळीच निरोप टाकला होता चष्मेवालीला, तू दुकानात जाऊ नकोस म्हणून."

मी दुकानात फोन लावला.

"निरोप? नाही पाहिला गं, उशीर झाला होता. पण मी सिस्टरना दिलं की बाळ. दाराशी."

"त्या घरी आल्याच नाहीत."

पलीकडे काच घासायचं यंत्र थांबलं.

"मी सोडू म्हटलं," ती म्हणाली. "त्या 'घेतलं' म्हणाल्या. मी चपला शोधत होते, वर बघितलंच नाही. वजन गेलं ना हातातलं."

मी रिक्षात कशी बसले ते आठवत नाही. दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप लागलेलं होतं. त्याच्या तीनच किल्ल्या, दोन त्या दोघींकडे आणि तिसरी माझ्या मुठीत.

बोळात शांतता होती. साबणाचा वास येत होता.

भिंगरी माझ्या खोलीत, पलंगाच्या मधोमध. चारी बाजूंनी उशा लावलेल्या. अंग कोरडं, लंगोट नवा, केस ओले आणि एका बाजूला विंचरलेले.

मी तिला उचललं. ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही.

स्वयंपाकघरात दुधाची बाटली धुऊन उपडी ठेवली होती. अजून निथळत होती.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी भिंगरीला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, काखा, मांड्यांच्या घड्या, कानांमागे. मग त्या हळूच खाली बसल्या.

"हिला आंघोळ घातलीय," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरी घातलीय."

चष्मेवाली रडून रडून बेजार झाली. मी बॅग काढली आणि भिंगरीचे कपडे भरायला लागले. सासूबाईंना फोनही लावला. "आणतेस ना तिला?" त्या पहिलंच वाक्य बोलल्या, इतक्या आनंदानं, की मी बॅग पायानं पलंगाखाली सरकवली. मी म्हटलं, "नाही आई, सहज केला होता."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. घरात भिंगरी आणि मी, दोघीच. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक तपासणीला एक नमुना नुसत्या स्वच्छ पाण्याचा ठेवतात, भांड्यातच काही दोष नाही ना ते कळायला. तसंच काहीतरी करावंसं वाटलं. मी टॉवेलची गुंडाळी केली, चौथ्या खोलीच्या दारात उभी राहिले, हात पुढे केले आणि म्हटलं, "सोडू?"

कुणी बोललं नाही. मी हात काढले. टॉवेल धपकन खाली पडला.

मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच बसून हसले. टॉवेल उचलताना दिसलं, की खोलीत कुठेच धूळ नव्हती.

आम्ही नियम बदलला. आता नुसतं ऐकायचं नाही, डोळ्यांत बघून द्यायचं. बाकी सगळं तसंच राहिलं. भिंगरी बाळसं धरत गेली, बसली, रांगली, भिंत धरून चालायला लागली. एकदाही पडली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात एकही टेंगूळ नाही असं मूल त्यांनी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, घरात माणसं आहेत ना.

मध्ये अॅपनं विचारलं, 'तुमची चौथी खोली अजून रिकामी आहे का?' आम्ही तिघी चहा पीत होतो. फोन माझ्या हातात होता. सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. चष्मेवाली बशीतला चुरा बोटानं गोळा करत राहिली. मी 'नाही' वर बोट ठेवलं.

काल संध्याकाळी मी कप विसळत होते. भिंगरी मागे बोळात खेळत होती, तिच्या लाकडी बाहुलीशी. ती हल्ली दोन-चार शब्द बोलते.

"शोलू?" तिनं विचारलं.

मी नळ बंद केला. घरात तिसरं कुणी नव्हतं.

ती थोडी थांबली, आणि मग खुदकन हसली.

मी पाठमोरीच उभी राहून कान दिले. बोळात फरशी आहे, बाहुली चांगली जड आहे.

ती पडल्याचा आवाज आला नाही.